आयसीसी (कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती) प्रशिक्षण आणि तक्रार सेवा: भरीत-पुरीला पाच स्टार, बाकीचं वाचा

कार्यक्रम संपायच्या आधीच फीडबॅक भरून घेतला, गुगल फॉर्म, आणि "प्रशिक्षण कसं वाटलं" याला पर्याय तीनच. चांगले, उत्तम, अतिउत्तम. मला वाटलं नेट स्लो आहे म्हणून बाकीचे पर्याय लोड नाही झाले, बोटाने वर-खाली करून बघितलं, तर नाही, एवढेच होते. आणि फॉर्म भरल्याशिवाय सर्टिफिकेट येत नाही. म्हणून तिथे 'उत्तम' दाबलं आणि खरं इथे लिहितेय.

मी खान्देशात एका तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजला शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. कॉलेजचं नाव सांगणार नाही, संस्थेचं नाही, विषयपण नाही, कारण सीएचबीवाल्याची दरवर्षी नवी मुलाखत असते आणि मुलाखत घेणारे तेच असतात. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि खरं तर हे कॉलेज कुठलंही असू शकतं, चार मैत्रिणींना विचारलं तर चौघी म्हणाल्या "अगं हे तर आमच्याकडचंच".

रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक ते दिवसभराचं लैंगिक छळ प्रतिबंध प्रशिक्षण, आणि दुसरी ती तक्रारीची सेवा जिची हे प्रशिक्षण जाहिरात करतं. जाहिरात जानेवारीत बघितली, माल फेब्रुवारीत वापरून बघितला.

आधी जाहिरात. जानेवारीतला शनिवार, सेमिनार हॉल, बॅनर, दीपप्रज्वलन, बुके, मान्यवरांची मनोगतं यात सव्वा तास गेला. मग वक्ते. पुण्याहून आलेले, कंपन्यांमध्ये हेच ट्रेनिंग देतात, स्लाइडा पण कंपनीच्याच. उदाहरणं काय तर क्लायंट डिनर, ऑफिसची पार्टी, रात्री कॅब शेअर केली, बॉसने बिझनेस ट्रिपला हॉटेलच्या रूमवर बोलावलं. आता आमच्या हॉलमध्ये ज्या मुली बसल्या होत्या त्यातल्या निम्म्या सातच्या एसटीने येतात आणि साडेपाचची चुकली की घरून फोन सुरू होतात, त्यांना क्लायंट डिनर काय कळणार. आमच्याकडे जे होतं ते प्रॅक्टिकलच्या व्हायव्हाला होतं, एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पला होतं, सहलीच्या बसमध्ये मागच्या सीटवर होतं, "जर्नल तपासायचंय, संध्याकाळी घरी घेऊन ये" यात होतं. पीएचडीवाल्यांचं तर विचारूच नका, दर सहा महिन्याला प्रगती अहवालावर गाईडची सही लागते आणि ती सही किती महाग पडू शकते हे स्लाइडमध्ये बसत नाही.

आणि गंमत म्हणजे हे सगळं नियमात आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे विनियम आहेत, २०१६ च्या मे महिन्यात राजपत्रात आले, त्यात कॅम्पसची व्याख्या बघा, फील्ड ट्रिप, इंटर्नशिप, सहल, कॅम्पची जागा, सांस्कृतिक महोत्सव, खेळाच्या स्पर्धा, सगळं धरलंय. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याला कुठल्या पाड्यावर एनएसएसचा कॅम्प लागला तरी तो कायद्याच्या दृष्टीने कॅम्पसच. वक्त्यांनी यूजीसीचं नावसुद्धा घेतलं नाही. बहुतेक त्यांना ते माहीत नसावं, कंपनीला कुठे यूजीसी लागते.

विशाखा निकालावर मात्र पाऊण तास. आणि ऐका, ते म्हणाले "विशाखा नावाच्या आपल्या एका भगिनीवर अत्याचार झाला". मी वहीतून वर बघितलं. अहो विशाखा कुणा बाईचं नाव नाही, कोर्टात याचिका करणाऱ्यांतल्या एका संस्थेचं नाव ते. जिच्यावर अत्याचार झाला ती भंवरी देवी, राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीची कार्यकर्ती, म्हणून काम करायची, बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, ती कामावर होती म्हणूनच हे झालं आणि त्यावरून १९९७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, मग १६ वर्षांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. ज्या बाईमुळे आपण सगळे त्या हॉलमध्ये बसलो होतो तिचंच नाव आलं नाही.

प्रश्नोत्तराला पाच मिनिटं ठेवली होती. मी हात वर केला. मला खरंच माहिती पाहिजे होती, कुणाला अडचणीत आणायचं नव्हतं, निदान तेव्हा तरी नव्हतं. विचारलं की सर, अंतर्गत तक्रार समितीत विभागप्रमुख चालतात का, कारण यूजीसीच्या विनियमात लिहिलंय की कुलगुरू, कुलसचिव, डीन, विभागप्रमुख अशा प्रशासनाच्या पदावरच्यांनी समितीत असू नये, समिती स्वायत्त राहावी म्हणून. हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम बोर्डाकडे बघितलं. बोर्ड भिंतीवरच होता आणि त्यावर समितीच्या यादीत दोन विभागप्रमुख होते. आणखी एक, विद्यार्थ्याचा मामला असेल तर समितीत तीन विद्यार्थी लागतात, निवडून आलेले, ते आमच्या बोर्डावर नव्हतेच. वक्ते म्हणाले "खूप छान प्रश्न आहे, यावर आपण जेवणानंतर बोलू". जेवणानंतर ग्रुप फोटो झाला. जिओटॅगवाला, कारण कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला तोच लागतो.

जेवण पाच स्टार. बामणोदची वांगी, भरीत-पुरी, वर कांद्याची पात, ताक. याबद्दल तक्रार नाही.

मग क्विझ, दहा प्रश्न, चाळीस टक्क्यांना सर्टिफिकेट, आणि चुकलं तर परत द्यायची सोय. एक प्रश्न असा होता की सहकारी महिलेला नकोसा स्पर्श करणे हे अ) शिष्टाचार ब) लैंगिक छळ क) मैत्री ड) यापैकी नाही. पहिलीतल्या पोराला पण येईल. तक्रार किती दिवसांत करायची, समितीने पोच द्यायची का, चौकशीला किती दिवस, मधल्या काळात परीक्षेचं काय, हे कुठेच विचारलं नाही. माझं मत एवढंच आहे की छळ म्हणजे काय हे बायकांना आणि पोरींना शिकवायची गरज नाही हो, आम्हाला बारा-तेराव्या वर्षापासून एसटी स्टँडवर कळतं ते. शिकवायचं असेल तर ज्या माणसाच्या हातात तो तक्रारीचा कागद पडणार आहे त्याला शिकवा. कागद हातात आल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं एवढं जरी शिकवलं तरी दिवस कारणी लागला असता.

जाहिरातीला दीड स्टार. (अर्धा त्या प्रोजेक्टरवाल्या पोराचा, बिचारा दिवसभर उभा होता.)

आता माल.

फेब्रुवारीत एक मुलगी माझ्याकडे आली. कोण, कुठल्या वर्गाची, काही सांगणार नाही. म्हणाली "मॅडम, त्या दिवशी तुम्ही प्रश्न विचारला होता ना, म्हणून आले". एका शिक्षकाचे रात्रीचे मेसेज, प्रॅक्टिकलला मागून येऊन उभं राहणं, आणि शेवटी "इंटर्नल माझ्याच हातात आहे" असं वाक्य. मेसेज तिने जपून ठेवले होते, हुशार पोरगी. तिला भीती समितीची नव्हती, त्या सरांची पण एवढी नव्हती. तिला भीती घरी कळायची होती. कारण घरी कळलं की त्यात चूक कुणाची हा प्रश्न येणारच नाही, कॉलेज बंद आणि उन्हाळ्यात लग्न, हा सरळ हिशोब. तिच्या मोठ्या बहिणीचं तसंच झालेलं. बाहेरून येणाऱ्या ट्रेनरला हे कोण सांगेल की इथे गुप्तता म्हणजे कायद्याचं कलम १६ वगैरे राहू द्या, त्या पोरीची डिग्री आहे ती.

तक्रार पेटी होती. पिवळी, छान रंगवलेली. प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशी, बरोबर सीसीटीव्हीखाली. तिथे चिठ्ठी टाकणारी मुलगी मी आजवर बघितली नाही. म्हणून आम्ही अर्ज लिहिला, घटना तारखेनिशी, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. २०१३ च्या कायद्याच्या नियमांत सहा प्रती सांगितल्यात, म्हणून सहा झेरॉक्स काढल्या. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवू शकते. आम्ही वेळेत होतो.

समितीच्या एका सदस्य मॅडमकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बाळा, तुझ्या पप्पांना माहितीये का हे?" मुलीचा चेहरा मी बघितला. दुसरं वाक्य, "सरांना बोलावते, माफी मागतील, मिटवून टाकू, तुझं पण वर्ष आहे". आता समेट कायद्यात आहे, पण तो तक्रार करणारीने स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तर मुळीच नाही. समितीने आपण होऊन पुढे करायची ती गोष्ट नाही. मॅडम वाईट नाहीत हो, मनाने चांगल्याच आहेत, त्यांना खरंच वाटत होतं की आपण पोरीचं भलं करून राहिलो. त्यांनी तेच प्रशिक्षण घेतलंय जे मी घेतलं, सर्टिफिकेट त्यांच्या कपाटावर लावलेलं होतं.

मग पोचेचा तमाशा. ऑफिसात आवक रजिस्टरला नोंद करायला क्लार्क तयार नाही, "हा गोपनीय विषय आहे, आवकला कसा घेऊ", समितीच्या मॅडम म्हणतात "माझ्याकडे शिक्का नाही", प्राचार्य मीटिंगला. दोन दिवस सहा झेरॉक्स पर्समध्ये घेऊन फिरलो आम्ही. शेवटी शिपाई आप्पा, ज्यांनी कुठलंच ट्रेनिंग घेतलेलं नाही, जिन्यात हळूच अहिराणीत म्हणाले, "मॅडम, कागद द्या पन एक झेरॉक्स तुमनाजोडे ठेवज्यात, वर तारीख टाकी घ्या." आणि तेच रजिस्टर उघडून घेऊन आले, विषयाच्या जागी फक्त "बंद लिफाफा, अध्यक्ष आयसीसी" लिहिलं, आवक नंबर पडला. इतकं सोपं होतं. गोपनीय पण राहिलं आणि नोंद पण झाली. आप्पांना पाच स्टार, आणि पुढच्या वर्षी वक्ता म्हणून त्यांनाच बोलवा असं माझं मत आहे.

मला आता कळतंय ते तेव्हा माहीत असतं तर आधी ईमेल केला असता, तारीख-वेळ आपोआप राहते. कुणाला कॉलेजात घेतच नसतील तर केंद्राचं शी-बॉक्स पोर्टल आहे, तिथून तक्रार संबंधित समितीकडे जाते. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, म्हणजे संस्थाचालक वगैरे, तर कॉलेजच्या समितीकडे जायचंच नाही, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जळगाव, धुळे, नंदुरबार, प्रत्येक जिल्ह्याला वेगळी. धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरीला नंदुरबार गाठणं म्हणजे अख्खा दिवस, पण कायद्यात प्रत्येक तालुक्याला नोडल अधिकारी सांगितलाय, त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. वकील पाहिजे तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत मिळतो. हे सगळं मी त्यानंतर रात्री बसून वाचलं, आणि हे चार मुद्दे एका स्लाइडवर मावतात.

गोपनीयतेचं सांगते. लिफाफा सकाळी अकराला गेला. दुपारी अडीचला कँटीनमध्ये चहावाल्या दादाने मला विचारलं, "काय मॅडम, काही केस झाली म्हणे". डिलिव्हरी साडेतीन तासांत. इतकी फास्ट सेवा या कॉलेजात पगाराची पण नाही, सीएचबीचे पैसे तर कधी कधी वर्ष संपल्यावर येतात.

एक गोष्ट मात्र चांगली निघाली आणि ती सांगायलाच पाहिजे. समितीत बाहेरच्या एक सदस्य होत्या, स्वयंसेवी संस्थेत काम केलेल्या, वयस्कर, धुळ्याहून एसटीने यायच्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं की यातले विभागप्रमुख कोण कोण, आणि दोघांना नम्रपणे बाहेर बसवलं. मुलीला विचारलं "तुला आत्ता सगळ्यात जास्त कशाची काळजी आहे?" ती म्हणाली प्रॅक्टिकलची. त्यांनी तिथेच अंतरिम शिफारस लिहून घेतली की चौकशी चालू असेपर्यंत त्या सरांनी हिचं कुठलंही मूल्यमापन करायचं नाही, दुसऱ्या परीक्षकाने करावं. यूजीसीच्या विनियमात हे स्पष्ट आहे, फक्त कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही. दोन दिवसांत पत्र निघालं. पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा डबा पूर्ण खाऊन गेली. घरी पत्र पाठवू नका, फोन तिच्याच नंबरवर करा, हेपण त्यांनीच लिहून घेतलं. बाहेरच्या सदस्याला कॉलेजात "ते एक नाव टाकावं लागतं" असं म्हणतात, पण अख्ख्या मालात चालणारा पार्ट तेवढाच होता. साडेचार स्टार, अर्धा कापला कारण पुढे त्यांना दोन बैठकींचा निरोपच उशिरा दिला, पण त्यात त्यांची चूक नाही, परत देऊन टाकते. पाच.

पुढचं सगळं वेळेच्या बाबतीत बुडालं. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. एप्रिलमध्ये परीक्षा आली म्हणून बैठक नाही, मेमध्ये सुट्टी म्हणून नाही, आणि तुम्हाला माहितीये आपल्याकडचा मे, पारा ४५ ला टेकलेला, त्यात एकदा मुलीला बोलावलं, ती दोन गाड्या बदलून आली आणि बैठकच रद्द, तिघं पण जमले नव्हते आणि तिघांशिवाय कोरम होत नाही. कायद्यात सुट्टीचे दिवस वजा करा असं कुठे लिहिलेलं नाही. अहवाल जुलैत आला. त्यानंतर संस्थेने तीस दिवसांत अंमल करायचा, तो गणपतीत झाला.

घाई करा असंपण माझं म्हणणं नाही. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाची केस आहे, २००९ च्या तक्रारी, त्यात बडतर्फी झाली आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, का तर चौकशी घाईघाईत उरकली, समोरच्याला बाजू मांडायला नीट संधी दिली नाही. परत समितीकडे. म्हणजे १४ वर्षांनी त्या पोरी जिथल्या तिथे. हेच म्हणतेय मी, चौकशी कशी चालवायची हे एक कसब आहे, उलटतपासणी, जबाब, नोटीस, इतिवृत्त, हे आमच्या समितीला कुणी कधी शिकवलंच नाही. आमच्या इतिवृत्तात पहिल्या पानावर उपस्थितांचे आभार मानले होते.

निकाल काय लागला. तक्रारीत तथ्य आढळलं, लेखी माफी, आणि दोन वर्षं सहल, कॅम्प, प्रॅक्टिकल परीक्षा यातून बाहेर. सर आहेत, रोज भेटतात, नमस्कार करतात. मुलगी पास झाली, चांगल्या मार्कांनी, दुसऱ्या शहरात शिकतेय, घरी अजून माहीत नाही. मला विचाराल तर निकालाला अडीच. तिला विचारलं तर ती म्हणाली तीन, प्रॅक्टिकल वाचलं म्हणून. ग्राहक ती आहे, तिचंच धरा.

माझं पण एक किरकोळ. मुलाखतीत मला विचारलं, "तुम्ही कायद्याचं फार वाचता म्हणे?" आठवड्याचे नऊ तास होते ते सहा झाले. वर्कलोड नाही म्हणे. तक्रारदार आणि साक्षीदारांना त्रास होऊ नये ही संस्थेची जबाबदारी, असं त्याच विनियमात आहे, पण मी साक्षीदार पण नव्हते ना, मी फक्त सहा झेरॉक्स काढल्या होत्या.

या वर्षीची लिंक परवा ग्रुपवर आली. वक्ते तेच, क्विझ तेच, अ ब क ड तेच. फॉर्ममध्ये या वेळी "सूचना" असा रकाना होता, ऐच्छिक. मी लिहिलं, तक्रार पेटी कॅमेऱ्याखालून हलवा. उत्तर नाही आलं, पण सोमवारी बघितलं तर पेटी लेडीज रूमच्या बाहेर, जिन्याच्या वळणावर लावलेली, आणि किल्ली कुणाकडे असते ते खाली चिकटवलंय. अक्षर आप्पांचं आहे. त्याचा एक स्टार वाढवते.